विश्लेषण : सीट मऊ केली, तरी पाठ का दुखते? दोंडाईचातील ‘अपडाऊन’ आणि दुचाकीवरच्या लांब प्रवासाचे गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि शंभर-सव्वाशे सीसीची गाडी काही हजार रुपयांनी स्वस्त झाली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचासारख्या गावात ही गाडी भाजी आणण्यापुरती नसते. शिक्षक, औषध विक्री प्रतिनिधी, कर्जाचे हप्ते गोळा करणारे, दूधवाले, फिरते कापडविक्रेते असे अनेक जण तिच्यावर रोज शंभर किलोमीटरच्या आसपास ‘अपडाऊन’ करतात. गाडी घेताना मायलेज, किंमत आणि हप्ता पाहिला जातो. रोज दोन-तीन तास जिच्यावर बसायचे, ती सीट मात्र हिशेबात नसते. पाठ दुखू लागली की सीट कव्हरच्या दुकानात जाऊन जाड फोम टाकून घेतला जातो आणि अनेकदा दुखणे तसेच राहते. असे का होते आणि त्यावर काय करता येते, याचा हा आढावा.

दोंडाईचात दुचाकीला पर्याय का नाही?

तालुक्याचे ठिकाण शिंदखेडा असले तरी मोठी बाजारपेठ दोंडाईचाची. लाल मिरचीच्या व्यापारासाठी नंदुरबारबरोबर याच गावाचे नाव घेतले जाते. गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे, त्यामुळे नंदुरबार, सुरत किंवा जळगावला रेल्वेने जाता येते. पण जिल्हाधिकारी कार्यालय, आरटीओ, जिल्हा न्यायालय ज्या धुळ्यात आहे, तिथे सध्या थेट रेल्वे नाही. धुळे चाळीसगावहून निघणाऱ्या फाट्यावर आहे. म्हणजे रेल्वेनेच जायचे तर जळगाव-चाळीसगाव असा मोठा वळसा. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेला मनमाड-इंदूर मार्ग पूर्ण झाल्यावर चित्र बदलू शकते. तोवर सोनगीर-चिमठाणे मार्गे सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता हाच आधार.

या रस्त्यावर एसटी आहे, दोंडाईचात आगारही आहे. परंतु २०२१-२२ च्या दीर्घ संपात अनेकांनी एसटीऐवजी दुचाकी धरली. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. शिवाय बस मुख्य रस्त्याने जाते. शाळा, दूध संकलन केंद्र किंवा हप्त्याचे गाव आडवाटेला असते. त्यात सुरतेत स्थिरावलेल्या खान्देशी कुटुंबांचा प्रवासही मिळवायला हवा. कानबाईला, आखाजीला किंवा दिवाळीला रेल्वेत जागा मिळाली नाही, की काही जण दोनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर दुचाकीवरच कापतात.

लांब पल्ल्याच्या दुचाकी प्रवासाचे नाव काढले की लडाख आणि पाचशे सीसीची गाडी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत २४ तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे १,६१० किलोमीटर गाडी चालवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी संघटनाच आहे. मात्र असा स्वार वर्षातून एखाद्या वेळी हे करतो. अपडाऊन करणारा रोज १२० किलोमीटर या हिशेबाने महिन्याच्या २५ दिवसांत तीन हजार किलोमीटर करतो, तेही छोट्या गाडीवर, हवामान आणि रस्ता निवडण्याची मुभा नसताना.

छोट्या गाडीची सीट कोणत्या कामासाठी बनलेली असते?

शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची सीट ही तडजोड असते. पुढे ती अरुंद ठेवावी लागते, कारण मध्यम उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मागे ती सपाट आणि लांब असते, कारण दुसरा माणूस बसणार असतो. वजन आणि किंमत कमी ठेवायची म्हणून फोमचा थर मर्यादित असतो. खाली प्लास्टिकची किंवा पत्र्याची तळप्लेट, वर पॉलियुरेथेन फोम आणि त्यावर रेक्झिन, अशी ही रचना. अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासाला ती पुरते.

वापर मात्र वेगळा होतो. सीटवर तिसरा माणूस बसतो, मिरचीचे पोते येते, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकतात. या वर्गातील गाड्यांची भारवहन क्षमता साधारण दोन प्रौढ माणसांच्या वजनाइतकी असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. त्याहून जास्त भार पडला की आधी मागचे शॉकअब्सॉर्बर दाबून बसतात, मग फोम चेपतो. काही वर्षांत फोमची लवचीकता जाते. सीट वरून फुगलेली दिसते, पण बसल्यावर हाडांना तळप्लेट लागते.

बसल्यावर शरीरात नेमके काय होते?

सरळ बसलेल्या माणसाच्या वरच्या धडाचा बराचसा भार नितंबांतील दोन हाडांच्या टोकांवर येतो. हाड आणि सीट यांच्यामध्ये दबलेल्या त्वचेतील आणि स्नायूतील बारीक रक्तवाहिन्यांचा प्रवाह मंदावतो. खुर्चीत माणूस नकळत कूस बदलतो. दुचाकीवर हात हँडलला, पाय पायदानाला आणि लक्ष रस्त्याकडे असल्याने ही हालचाल कमी होते. वीस-तीस मिनिटांनंतरची जळजळ, बधिरपणा आणि मुंग्या याचेच लक्षण. व्हीलचेअर वापरणाऱ्यांना ठरावीक मिनिटांनी अंग उचलून दाब मोकळा करायला शिकवतात, त्याचे कारणही हेच.

दुसरा भाग उष्णता आणि घाम यांचा. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो. काळे रेक्झिन हवा खेळू देत नाही. ओलसर त्वचा, जाड कापडाची शिवण आणि सततचे घर्षण यांतून पुरळ, गळवे होतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील हजारो जवानांना माकडहाडाजवळच्या ‘पायलोनिडल सायनस’ या दुखण्यासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले होते. खडबडीत रस्त्यांवर जीपमध्ये तासन्‌तास बसणाऱ्यांत ते दिसल्याने तेव्हा त्याला ‘जीप डिसीज’ असे नाव पडले.

तिसरा भाग कण्याचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. छोट्या गाडीवर माणूस ताठ बसतो. खड्ड्याचा दणका चाक, शॉकअब्सॉर्बर, सीट, बैठकीची हाडे असा प्रवास करत थेट कमरेच्या मणक्यांत जातो. ताठ बसण्यात मनगटांना आराम मिळतो, पण दणका वाटून घ्यायला कण्याखेरीज फारसे काही उरत नाही.

हादरे मोजता येतात का?

येतात. अंगभर जाणाऱ्या हादऱ्यांच्या मोजणीसाठी ‘आयएसओ २६३१’ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरले जाते. सीटवर संवेदक ठेवून कंपनांचा त्वरण मोजला जातो आणि तो आठ तासांच्या कामाच्या दिवसात बसवला जातो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार हा आकडा ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेला, तर मालकाने उपाय सुरू करायचे, १.१५ ही ओलांडता न येणारी मर्यादा. ट्रॅक्टर, ट्रक किंवा खोदाई यंत्रावर काम करणाऱ्यांना याचा लाभ होतो.

या मोजणीत हादऱ्याची तीव्रता थेट गुणली जाते, तर वेळेचे वर्गमूळ घेतले जाते. उदाहरणादाखल, एखाद्या रस्त्यावर सीटवरील हादरा ०.८ असेल आणि प्रवास तीन तासांचा असेल, तर आठ तासांचा आकडा सुमारे ०.४९ येतो, म्हणजे युरोपच्या इशाऱ्याच्या पातळीला टेकलेला. तोच प्रवास खराब रस्त्याने, १.२ तीव्रतेचे हादरे खात केला, तर आकडा ०.७३ होतो. या गणिताचा व्यवहारातला अर्थ असा, की हादरा निम्मा केला तर त्याच मर्यादेत चौपट वेळ बसता येते. उलट केवळ वेळ निम्मा केल्याने भार निम्मा होत नाही, सुमारे ३० टक्क्यांनीच घटतो. म्हणून लवकर पोहोचण्यासाठी खड्ड्यांतून गाडी दामटणे हा घाट्याचा सौदा आहे.

खड्डे आणि गतिरोधक यांच्या तुटक दणक्यांसाठी मोजणीची आणखी एक पद्धत आहे. तिच्यात तीव्रतेचा चौथा घात घेतात. दुप्पट तीव्रतेचा एक दणका तितक्याच कालावधीच्या सोळा लहान दणक्यांइतका धरला जातो. दिवसभरच्या चांगल्या रस्त्यानंतर न दिसलेला एकच गतिरोधक कंबर का धरतो, हे त्यातून कळते. तैवानमध्ये मोटारसायकल आणि स्कूटर चालवणाऱ्यांवर केलेली अशी मोजणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसभर गाडी चालवली तर डांबरी रस्त्यावरही बहुतेक चालक या पद्धतीच्या सावधगिरीच्या पट्ट्याबाहेर जातील, असे त्यातून दिसले.

मग जाड, मऊ सीट का उपयोगी पडत नाही?

कारण दुचाकीवर दोन वेगवेगळ्या प्रकारची कंपने येतात. पहिली इंजिनाची. मिनिटाला पाच हजार फेरे घेणारे एका सिलिंडरचे इंजिन सेकंदाला सुमारे ८३ वेळा थरथरते. ही बारीक थरथर फोम चांगली शोषतो. ती हँडल आणि पायदानातून मात्र हातापायांपर्यंत पोहोचतेच. जपानमध्ये मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्यांच्या बोटांचे विकार याच कारणाने अभ्यासले गेले.

दुसरी कंपने रस्त्याची. ती संथ आणि मोठी असतात. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त प्रतिसाद देते. अडचण अशी, की मऊ फोमवर माणूस बसला की ती जोडीही सेकंदाला साधारण चार वेळांच्या आसपासच डोलते. म्हणजे ज्या हादऱ्यांपासून कण्याला वाचवायचे, तेच मऊ सीट कधी कधी वाढवते. झोका योग्य क्षणी ढकलला की उंच जातो, तसा हा प्रकार.

मऊपणाचा दुसरा तोटा म्हणजे बसणारा आत रुततो. पहिली दहा मिनिटे बरे वाटते. मग हाडे फोम दाबून तळाशी जातात, मांड्यांच्या आतल्या बाजूवर दाब येतो आणि कूस बदलणे अवघड होते. दुकानात हाताने दाबून किंवा दोन मिनिटे बसून सीट पारखण्यात फसगत होते ती यामुळे.

दोंडाईचाहून शहाद्याकडे जाताना तापीकाठी सारंगखेडा लागते. दत्तजयंतीला तिथे भरणारा घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरात हाताला येईल ते कोंबण्यावरून मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द आला. सीटमध्ये नुसता फोम कोंबणे हीदेखील खोगीरभरतीच. खोगीर किंवा जीन चांगले असते ते भार जास्तीत जास्त जागेवर पसरवत असेल तर. सीटलाही तीच कसोटी लागू पडते. रस्त्याचा दणका थोपवणे हे टायर आणि शॉकअब्सॉर्बरचे काम. उरलेला भार नीट पसरवणे हे सीटचे.

मागे बसणाऱ्याचे काय?

मागची सीट मागच्या चाकाच्या जवळपास वर असते, त्यामुळे मागच्या चाकाचा दणका तिथे अधिक थेट बसतो. मागे बसणाऱ्याला समोरचा खड्डाही दिसत नाही. चालवणारा आधीच अंग सावरतो, मागच्याला दणका बेसावध बसतो. ग्रामीण भागात मागे बसणाऱ्यांत महिला मोठ्या संख्येने असतात. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसल्यावर कंबर पिळलेली राहते, बहुतेकदा एकाच पायाला आधार मिळतो आणि मांडीवर मूल किंवा पिशवी असेल तर हाताने धरायलाही जागा उरत नाही. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा प्रवास गरोदर बाईला किंवा आजाऱ्याला असाच करावा लागतो. नव्या धाटणीच्या काही गाड्यांत मागची सीट अरुंद, उंच आणि उतरती असते. चालवणारा पुरुष गाडी पसंत करतो आणि मागे बसणारी त्या पसंतीची किंमत मोजते.

कायदा सीटबद्दल काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसू शकते, आणि तीही चालकामागे पक्क्या बसवलेल्या योग्य सीटवर. तिघे बसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पायदान आणि मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून आच्छादन सक्तीचे करतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस लागते.

या तरतुदी अपघात टाळण्यासाठी आहेत आणि त्यांची गरज स्पष्ट आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक मरण पावले, त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. पण सीट ‘योग्य’ असावी यापलीकडे, तिच्यावर बसणाऱ्याला किती हादरा बसतो याचा विचार या नियमांत नाही. दुचाकीवर काम करणाऱ्यांसाठी युरोपसारखी हादऱ्यांची बंधनकारक दैनंदिन मर्यादाही भारतात नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि ॲपवरून काम करणाऱ्यांना सामाजिक सुरक्षेच्या व्याख्येत जागा मिळाली. मात्र त्यांच्या अंगावर रोज जे हादरे जमा होतात, त्यांची मोजणी करण्याची पद्धत अजून रुळलेली नाही.

खर्च न करता काय करता येईल?

उपायांचा क्रम चाकापासून वर यायला हवा. पहिला उपाय टायरमधील हवेचा. जास्त हवा भरलेला टायर दणका तसाच वर पाठवतो. एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगवेगळा दाब पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. हवा टायर थंड असताना तपासावी.

दुसरा मागच्या शॉकअब्सॉर्बरचा. या वर्गातील बहुतेक गाड्यांत स्प्रिंग घट्ट-सैल करण्याच्या खाचा असतात. एकट्याने अपडाऊन करणाऱ्याची गाडी सर्वांत घट्ट खाचेवर असेल, तर महागडी सीटही उपयोगाची नाही. शॉकअब्सॉर्बरवर तेल ओघळलेले दिसत असेल किंवा गाडीचा मागचा भाग हाताने दाबून सोडल्यावर दोन-तीनदा उसळत असेल, तर ते बदलण्याची वेळ झालेली असते. सीटवर पैसे घालण्याआधी ते तिथे घालावेत.

तिसरा बसण्याचा. टाकीला चिकटून बसण्यापेक्षा सीटच्या रुंद भागावर, कंबर किंचित पुढे झुकवून आणि कोपर सैल ठेवून बसावे. गतिरोधक किंवा खड्डा दिसताच वेग कमी करून पायदानावर भार घ्यावा आणि बूड सीटवरून जरासे उचलावे. मग गुडघे शॉकअब्सॉर्बरचे काम करतात. मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवावे, त्याने कंबर एका बाजूला कलते. पाऊण तासाने पाच मिनिटे उतरून चालावे. उन्हाळ्यात पाणी पीत राहावे. थकवा, उन्हाची तलखी आणि पाठदुखी एकत्र आले की लक्ष आधी ढळते.

सीट बदलायचीच असेल, तर?

फोमची उंची वाढवण्याऐवजी त्याची प्रत बदलावी. खाली टणक, दाट फोम आणि वर मऊ फोमचा पातळ थर असावा. बैठकीची दोन्ही हाडे सपाट भागावर येतील एवढी रुंदी असावी, पुढच्या कडा गोल असाव्यात आणि मांड्यांखाली शिवणीची गाठ येऊ नये. सीट दोन-तीन इंचांनी उंच झाली आणि टाच टेकेनाशी झाली, तर पाठ वाचवताना चौकात गाडी कलंडण्याचा धोका वाढतो.

जाळीचे कव्हर हवा खेळती ठेवते. त्याने घाम कमी होतो, दणका नाही. जेलची गादी भार पसरवते, पण उन्हात उभ्या गाडीवर तापते. हवेच्या कप्प्यांची गादी ही मुळात व्हीलचेअरसाठी विकसित झालेली कल्पना. ती दाब चांगला वाटते, मात्र त्यासाठी हवा कमी भरायला हवी. टम्म फुगवली तर ती चेंडूसारखी उसळते. कोणतीही गादी घसरणार नाही अशी घट्ट बांधलेली असली पाहिजे.

पायात उतरणारी कळ, गाडीवरून उतरल्यावरही न जाणारा बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे ही सीटची तक्रार समजू नये. अशा वेळी, विशेषतः शेवटच्या लक्षणात, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हा खर्च कोणाचा?

वसुली, विक्री किंवा घरपोच सेवेची नोकरी देताना ‘स्वतःची दुचाकी हवी’ ही अट सर्रास असते. किलोमीटरमागे पेट्रोलचा भत्ता ठरतो. त्या भत्त्यात झिजलेले शॉकअब्सॉर्बर, चेपलेली सीट किंवा झिजलेला मणका यांचा हिशेब क्वचितच येतो. कारखान्यात मालकाने कामगाराला बसायला मोडका स्टूल दिला, तर ती मालकाची जबाबदारी ठरते. दुचाकीवर काम करणाऱ्याची सीट मात्र त्याची खासगी बाब समजली जाते.

ही परिस्थिती बदलायला मोठ्या संशोधनाची गरज नाही. मोजणीचे मानक तयार आहे आणि संवेदक आता मोबाइलमध्येही असतात, निदान रस्त्यांची तुलना करण्याइतके. सोनगीर-दोंडाईचासारख्या रस्त्यावर अशी मोजणी झाली, तर खड्डे बुजवण्याची मागणी केवळ गैरसोयीच्या मुद्द्यावर न राहता आकड्यांनिशी करता येईल आणि भत्त्यात दुरुस्तीचा वाटा मागायलाही आधार मिळेल. तोपर्यंत अपडाऊन करणाऱ्याने सीट कव्हरच्या दुकानाआधी हवा भरण्याच्या ठिकाणी थांबावे आणि मेकॅनिकला मागच्या शॉकअब्सॉर्बरची खाच पाहायला सांगावी. कमी पैशात सर्वांत जास्त फरक तिथेच पडतो.